'जर'चा आश्रय : सॉफ्टवेअर-प्रकल्पांतील जोखीम-नोंदवहीची भाषा

सॉफ्टवेअर-निर्मितीच्या व्यवहारात आज जी नानाविध कागदपत्रे तयार होतात त्यांत 'रिस्क रजिस्टर', म्हणजे जोखमीची नोंदवही, हिला मानाचे स्थान आहे. व्यवस्थापनशास्त्राच्या अभ्यासकांनी तिच्यावर विपुल लिहिले आहे. त्या लेखनात तिचा विचार बहुधा गणिताच्या आणि शिस्तीच्या अंगाने होतो. ती मुळात वाक्यांची बनलेली आहे ही साधी गोष्ट बाजूस राहते. प्रस्तुत लेखात आम्ही तिच्याकडे एक लेखनप्रकार म्हणून पाहणार आहोत. ही नोंदवही कधी एक्सेलच्या साध्या तक्त्यात ठेवलेली असते, कधी जिरासारख्या प्रणालीत. साधन कोणतेही असो, तिचे रकाने थोड्याफार फरकाने तेच असतात : अनुक्रमांक, जोखमीचे वर्णन, ती ओढवण्याची शक्यता, ओढवल्यास होणारा परिणाम, ह्या दोहोंचा गुणाकार, योजलेला उपाय, 'ओनर' म्हणून एका व्यक्तीचे नाव, आणि शेवटी 'ओपन' किंवा 'क्लोज्ड' अशी स्थिती. गुणाकाराच्या मानाने चौकट तांबडी, पिवळी वा हिरवी होते. वरिष्ठांच्या बैठकीत पाहिले जातात ते हे रंग. वर्णनाच्या रकान्यातील वाक्य वाचले जातेच असे नाही, आणि आमचे सारे म्हणणे त्या वाक्याविषयी आहे.

प्रथम ह्या लेखनप्रकाराच्या पूर्वेतिहासाकडे वळू. सॉफ्टवेअर-प्रकल्पांतील जोखमीचा पद्धतशीर विचार रूढ करण्याचे श्रेय मुख्यतः बॅरी बोएम ह्यांस दिले जाते. १९८९ मध्ये त्यांनी ह्या विषयावरील लेखांचा संग्रह सिद्ध केला आणि १९९१ मध्ये एका लेखात आपल्या पद्धतीचे सार मांडले. जोखीम म्हणजे अनिष्ट घटनेची संभाव्यता गुणिले तीमुळे होणारी हानी, हे सूत्र त्यांच्या मांडणीच्या मुळाशी आहे. सर्वसामान्य जोखमींची दहा कलमांची एक यादीही त्यांनी दिली. तीत पहिले कलम मनुष्यबळाच्या उणिवेचे आणि दुसरे अवास्तव वेळापत्रकाचे व अंदाजपत्रकाचे होते. परंतु बोएम ह्यांच्या लेखात आम्हांस सर्वांत मोलाचा वाटतो तो एक लहानसा तक्ता. प्रकल्पातील दहा प्रमुख जोखमींचा दर महिन्याने आढावा घ्यावा असे ते सुचवितात, आणि त्या आढाव्याच्या नमुन्यात प्रत्येक जोखमीपुढे तीन आकडे आहेत : ह्या महिन्यातील क्रम, मागील महिन्यातील क्रम, आणि ती यादीत किती महिने आहे. हा तिसरा आकडा म्हणजे नोंदवहीची स्मरणशक्ती होय. एखादी जोखीम सात महिने यादीत पहिल्या क्रमांकावर बसून असेल, तर तिला अजूनही जोखीम म्हणावे काय, हा प्रश्न तो आकडा वाचणाऱ्यास विचारतो. आजच्या बहुतेक नोंदवह्यांत नोंद केल्याची तारीख यंत्राच्या पोटात असते. डोळ्यांसमोर असतो तो 'ओपन' हा शब्द, आणि काल उघडलेली नोंद व वर्षापूर्वी उघडलेली नोंद त्या शब्दात सारखीच दिसते.

बोएम ह्यांच्यानंतर लवकरच वर्णनाच्या वाक्याचाही विचार झाला. पिट्सबर्ग येथील कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग इन्स्टिट्यूटमध्ये डेव्हिड ग्लक ह्यांनी १९९४ मध्ये जोखीम कशी लिहावी ह्याचा एक साचा सुचविला, आणि त्याच संस्थेच्या १९९६ च्या मार्गदर्शिकेने तो प्रसृत केला. ह्या साच्यात वाक्याचे दोन भाग पडतात. पहिल्यात सध्याची परिस्थिती सांगावयाची, दुसऱ्यात तीतून उद्भवू शकणारा परिणाम. अनिश्चितता राहील ती केवळ दुसऱ्या भागात. पहिला भाग हे विधान असले पाहिजे, ज्याची खरेखोटेपणाची परीक्षा आजच करता येईल असे विधान. व्याकरणाच्या भाषेत बोलावयाचे तर ग्लक ह्यांस वाक्याचा पहिला भाग स्वार्थात हवा होता, संकेतार्थात नव्हे. 'चाचणीसाठी राखलेले सहा आठवडे दोनवर आले आहेत. त्यामुळे दोष ग्राहकाच्या हाती जाण्याचा संभव आहे' असे ते वाक्य व्हावयास हवे.

प्रत्यक्षात घडले ते असे की साचा राहिला आणि त्यातील प्राण गेला. आज प्रचारात असलेल्या नोंदवह्यांत हेच वाक्य पुढील स्वरूपात आढळते : 'जर चाचणीस पुरेसा वेळ मिळाला नाही, तर गुणवत्तेवर परिणाम होऊ शकतो.' वाचणाऱ्यास दोन्ही वाक्ये एकाच अर्थाची वाटतील. वस्तुतः त्यांत जमीनअस्मानाचा फरक आहे. पहिल्या वाक्यात लिहिणाऱ्याने एक गोष्ट जाणल्याचे कबूल केले आहे. दुसऱ्यात त्याने काहीच कबूल केलेले नाही. सहाचे दोन आठवडे झाले हे त्याला ठाऊक आहे, टेबलावर वेळापत्रक पडले आहे, आणि तरीही 'जर' ह्या एका अव्ययाने त्याने घडून गेलेली गोष्ट भविष्यकाळात नेऊन ठेवली. 'पुरेसा' हे विशेषण त्याच्या मदतीस आहेच. किती म्हणजे पुरेसा, हे कोणी ठरविलेले नसल्यामुळे ते वाक्य कधीच खोटे पडत नाही. आणि जे वाक्य खोटे पडू शकत नाही त्यावर कोणी काही करण्याचेही कारण उरत नाही.

हा प्रकार आम्ही पुस्तकांतून शोधून काढलेला नाही. काही वर्षांपूर्वी पुण्यातील एका सॉफ्टवेअर-संस्थेने आपल्या नवोदित कर्मचाऱ्यांस सुबोध लेखनाचे धडे देण्यासाठी आम्हांस पाचारण केले होते. सरावासाठी म्हणून एका पूर्ण झालेल्या प्रकल्पाची नोंदवही, नावे पुसून, आमच्या हाती देण्यात आली. तीत एक नोंद अशी होती की महत्त्वाचा 'रिसोर्स' उपलब्ध न झाल्यास वेळापत्रकावर परिणाम होऊ शकतो. शक्यता मध्यम, परिणाम मोठा, रंग पिवळा. ही नोंद प्रकल्पाच्या अखेरपर्यंत पिवळीच होती. वर्गात त्या प्रकल्पावर काम केलेली एक तरुणी होती. तिने सांगितले की नोंद झाली त्याच्या आठवडाभर आधीच त्या 'रिसोर्स'ने राजीनामा दिला होता, आणि हिशेबाच्या विभागाची सारी गुंतागुंत समजणारा तो एकटाच मनुष्य होता. मग हे असे का लिहिले, असे आम्ही विचारले. ती म्हणाली, "सर, 'जर' काढला की तो रिस्क राहत नाही, इश्यू होतो. आणि इश्यू झाला की उत्तर माझ्याकडे मागतात."

ह्या उत्तरात जे आहे ते जोखीम-व्यवस्थापनाच्या कित्येक ग्रंथांत आम्हांस आढळले नाही. साधनांनी 'रिस्क' आणि 'इश्यू' ह्यांच्या दोन स्वतंत्र वह्या केल्या आहेत. घडू शकेल ते पहिलीत, घडले आहे ते दुसरीत. तत्त्वतः हा भेद निर्दोष आहे. परंतु दुसऱ्या वहीतील नोंदीस मुदत असते, जाब असतो, वरिष्ठांचा दूरध्वनी असतो; पहिलीतील नोंदीस केवळ एक रंग असतो. अशा स्थितीत वस्तुस्थिती पहिल्या वहीत अडवून धरण्याचा मोह लिहिणाऱ्यास झाला तर त्यात त्याचा दोष किती? 'जर' हे ह्या दोन वह्यांमधील नाके आहे, आणि त्या नाक्यावर उभा राहणारा बहुधा संस्थेतील सर्वांत कनिष्ठ मनुष्य असतो. चहाच्या वेळी हीच मंडळी आपसांत मराठीत 'हे काही एकतीस तारखेला होत नाही बघ' असे निःशंकपणे म्हणतात. जागेवर परत येऊन इंग्रजीत लिहितात तेव्हा त्याचे 'मे बी इम्पॅक्टेड' होते.

सौम्य बोलण्याचा हा प्रश्न भाषाविज्ञानास नवा नाही. पेनेलोपी ब्राउन आणि स्टीफन लेव्हिन्सन ह्यांनी शिष्टाचाराच्या आपल्या सुप्रसिद्ध विवेचनात दाखविले आहे की बोलणाऱ्याची सत्ता जितकी कमी आणि सांगावयाची गोष्ट जितकी अप्रिय, तितके तिला आडपडदे अधिक लागतात. शार्लट लिंडे ह्यांनी १९८८ मध्ये विमानाच्या कक्षांतील संभाषणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात सौम्य शब्दांत केलेली सूचना वरिष्ठाकडून दुर्लक्षिली जाण्याचा संभव अधिक असल्याचे त्यांस दिसून आले. विमानाच्या कक्षात निदान आवाज तरी ऐकू येतो. तक्त्यातील वाक्यास आवाज नाही, आणि त्याला सौम्य करण्याचे काम माणसाने न केले तर साचाच करून टाकतो.

आता डेन्व्हरच्या विमानतळाचे उदाहरण घेऊ, कारण ह्या विषयावरील वाङ्मयात ते वारंवार येते आणि, आमच्या मते, त्याचा अर्थ चुकीचा लावला जातो. अमेरिकेतील डेन्व्हर शहराचा नवा विमानतळ ३१ ऑक्टोबर १९९३ रोजी उघडावयाचा होता. प्रवाशांचे सामान वाहून नेण्यासाठी तेथे संपूर्ण स्वयंचलित व्यवस्था योजिली होती : भूमिगत रुळांवरून धावणाऱ्या सुमारे ४००० गाड्या आणि त्यांचे नियमन करणारे संगणक. १९९४ मध्ये पत्रकारांसमोर तिचे प्रात्यक्षिक झाले, तेव्हा पेट्या फाटल्या आणि कपडे रुळांवर विखुरले. उद्घाटनाच्या तारखा पुढे पुढे जात राहिल्या. विमानतळ उघडला तो २८ फेब्रुवारी १९९५ रोजी, म्हणजे सोळा महिने उशिरा, आणि तोही सामानाची बरीचशी ने-आण माणसांच्या हाती सोपवून. जी काही स्वयंचलित व्यवस्था एका भागात चालू राहिली तीही २००५ मध्ये बंद करण्यात आली.

टॉम डीमार्को आणि टिमथी लिस्टर ह्यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'वॉल्टझिंग विथ बेअर्स' ह्या ग्रंथात ह्या प्रकरणाची चिकित्सा केली आहे. ग्रंथ वाचनीय आहे, आणि विषयाच्या नीरस वाङ्मयात तो खरोखर उठून दिसतो. संस्थांमध्ये चुकणे क्षम्य मानले जाते पण अनिश्चित असणे नव्हे, हे त्यांचे निरीक्षण मार्मिक आहे. डेन्व्हरविषयी त्यांचा निष्कर्ष असा की तेथे जोखमीचे व्यवस्थापन झालेच नाही. ते झाले असते तर सॉफ्टवेअरच्या विलंबाची जोखीम यादीत आली असती आणि पर्यायी व्यवस्थेचा विचार वेळीच झाला असता. ह्या निष्कर्षाशी आम्ही सहमत होऊ शकत नाही. डेन्व्हर येथे उणीव ज्ञानाची नव्हती, आणि लेखनाचीही नव्हती. ही योजना फार गुंतागुंतीची आहे असा अहवाल सल्लागारांनी १९९० मध्येच दिला होता. १९९१ मध्ये ज्या तीन कंपन्यांनी प्रस्ताव पाठविले त्यांपैकी एकीचाही आराखडा ठरलेल्या तारखेस पुरा होण्याजोगा नव्हता. म्यूनिक विमानतळाच्या जाणकारांनी तर आपला अनुभव सांगितला होता : त्यांची व्यवस्था कितीतरी साधी असूनही तिच्या चाचणीस दोन वर्षे लागली, आणि उद्घाटनापूर्वी सहा महिने ती रात्रंदिवस चालवून पाहण्यात आली.

ह्या तीन गोष्टी नोंदवहीत कशा उतरल्या असत्या, ह्याची कल्पना करून पाहावी. 'सामान-व्यवस्था वेळेत पूर्ण न झाल्यास उद्घाटनास विलंब होऊ शकतो. शक्यता : मध्यम. परिणाम : अतिगंभीर.' प्रस्ताव पाठविणाऱ्या कोणासही जे तारखेस पुरे करता येईना, ते काम वेळेत पूर्ण 'न झाल्यास'! जे जवळजवळ निश्चित होते त्याला ह्या वाक्याने शक्यतेचा वेष चढविला असता, आणि जे चालले होते ते तसेच चालू राहिले असते. फक्त एक तक्ता अधिक असता. डीमार्को आणि लिस्टर यादीचा अभाव पाहतात. यादी असती तर तिची भाषा काय असती, हा प्रश्न त्यांनी विचारलेला नाही.

आमचा हा तर्क निव्वळ कल्पनेचा खेळ नाही, हे एका अलीकडच्या उदाहरणावरून दिसेल. अमेरिकेच्या केंद्र सरकारने आरोग्यविम्याच्या नोंदणीसाठी तयार केलेले 'हेल्थकेअर डॉट गव्ह' हे संकेतस्थळ १ ऑक्टोबर २०१३ रोजी खुले झाले आणि जवळपास त्याच क्षणी कोलमडले. पहिल्या दिवशी ज्यांची नोंदणी पूर्ण झाली अशा व्यक्तींची संख्या सहा होती. तेथे इशाऱ्यांची वाण नव्हती. संबंधित खात्याच्या महानिरीक्षकांनी फेब्रुवारी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार जुलै २०११ ते जुलै २०१३ ह्या काळात १८ लेखी इशारे देण्यात आले होते. एक नव्हे, दोन नव्हे, अठरा. वाईट बातम्यांची सवय होऊन वरिष्ठांची संवेदना बोथट झाली, असे कारण अहवालात दिले आहे. ते खरे असेल. पण अठराव्या इशाऱ्याचे व्याकरण पहिल्या इशाऱ्याहून निराळे होते काय? जो इशारा दोन वर्षे 'होऊ शकते' असेच म्हणत राहतो, त्याची सवय होणे हा केवळ ऐकणाऱ्याचा दोष मानता येणार नाही.

शक्यतेच्या रकान्याविषयी थोडे बोलणे भाग आहे, जरी त्यावर इतरांनी पुष्कळ लिहिले आहे. 'संभवनीय', 'असंभाव्य' अशा शब्दांस निश्चित मूल्य नसते, हे अमेरिकन गुप्तवार्ता-संस्थेतील शर्मन केंट ह्यांनी १९६४ मध्ये एका निबंधात सोदाहरण दाखविले. १९५१ मध्ये युगोस्लाव्हियावर आक्रमण होण्याची 'गंभीर शक्यता' आहे असे त्यांच्या मंडळाने एकमताने लिहिले होते. नंतर केंट ह्यांनी सहकाऱ्यांस विचारले की तुमच्या मनातील प्रमाण काय होते. तेव्हा उत्तरे शेकडा वीसपासून ऐंशीपर्यंत पसरलेली निघाली. एकमत शब्दावर झाले होते, अर्थावर नव्हे. जोखमीच्या नोंदवहीने ह्यावर जो तोडगा काढला तो मूळ रोगाहून विचित्र आहे. तिने शब्दांस १ ते ५ असे आकडे दिले आणि त्यांचा गुणाकार केला. हे आकडे वस्तुतः क्रमवाचक आहेत, गणनावाचक नव्हेत. तिसरा गुणिले चौथा बरोबर बारावा, असे शाळेतील मुलाने लिहिले तर गुरुजी त्याचे काय करतील? लुईस अँथनी कॉक्स ह्यांनी २००८ मध्ये गणिताने सिद्ध केले की काही परिस्थितींत अशा तक्त्याने लावलेला क्रम यदृच्छेने लावलेल्या क्रमाहूनही वाईट ठरतो. तरीही चौकटी रंगतच आहेत.

राहता राहिला 'ओनर'. इंग्रजीतील हा शब्द ज्या कोणी योजिला त्याचा हेतू चांगला होता : प्रत्येक जोखमीस एक वाली असावा. परंतु मराठीत त्याचा अनुवाद करू गेल्यास मौज होते. 'जोखमीचा मालक' म्हटले की आपल्याकडे दागिन्यांचा धनी डोळ्यांपुढे येतो. कारण जोखीम म्हणजे धोका, तशीच धोका ओढवून आणणारी मौल्यवान वस्तूही. प्रवासास निघालेल्या बाईस अजूनही 'अंगावर जोखीम आहे, जपून जा' असे सांगतात. मराठीतील जोखीम अशी सदैव कोणाच्या तरी अंगावर असते. ती पत्करावी लागते, घ्यावी लागते. नोंदवहीतील 'रिस्क' कोणाच्याच अंगावर नसते. ती प्रकल्पात कुठेतरी 'असते', आणि 'ओनर' हा केवळ तिची चौकट अद्ययावत ठेवणारा कारकून असतो. वेळापत्रक कापले ते कोणी, हे तेथे कोठेच लिहिलेले नसते. ह्या संदर्भात मुंबई-गुजरातकडील समुद्री व्यापारात चालत असलेल्या जोखमी हुंडीचे स्मरण होते. ही हुंडी जहाजावर चढविलेल्या मालावर काढली जाई. माल सुखरूप बंदरास लागला तरच तिचे पैसे मिळत. जहाज बुडाले तर हुंडी विकत घेणाऱ्याची रक्कमही बुडे. त्या एका कागदात 'जर' होताच, पण तो जर खरा ठरल्यास कोणाचे किती जाणार हेही त्याच कागदात ठरलेले होते. हुंडीवाल्यास शक्यता 'मध्यम' लिहून स्वस्थ बसता येत नसे. तिची किंमत त्याने सुटीच्या दरात आधीच मोजलेली असे.

साधनांच्या बाजूने एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो रास्त आहे. तक्ता रिकामा असतो. त्यात काय लिहावे हे माणसे ठरवितात. मग साधनास दोष का द्यावा? परंतु रिकामा तक्ताही काही गोष्टी लिहिण्यास जागा देतो आणि काहींस देत नाही. 'शक्यता' हा रकाना भरणे सक्तीचे असेल, तर निश्चित ठाऊक असलेली गोष्ट लिहिणाऱ्यासही तिची शक्यता ठरवावी लागते. शेकडा शंभर लिहिण्याची सोय पाचांच्या मापात नाही. म्हणजे साधन त्याच्याकडून जे वदवून घेते ते त्याच्या ज्ञानापेक्षा कमी असते. ह्या अर्थाने साचा हा लेखनाचा सहलेखक असतो, आणि सहलेखकाच्या चुकांची चर्चा करणे हे टीकाकाराचे कामच आहे.

वर उल्लेखिलेल्या संस्थेस आम्ही दोन सूचना केल्या होत्या. एक, वर्णनाच्या पहिल्या उपवाक्यात 'जर' किंवा 'झाल्यास' येऊ देऊ नये; तेथे आज खरे असलेले विधानच लिहावे. दुसरी, 'हे केव्हापासून ठाऊक आहे' असा एक रकाना वाढवावा. पहिली सूचना मान्य झाली. तिच्यामुळे नोंदींची संख्या घटली, कारण कित्येक नोंदींत सांगण्यासारखे विधानच सापडेना. दुसऱ्या रकान्यात आरंभी तारखा भरल्या जात होत्या. पुढे त्या तरुणीने कळविले की नव्या आवृत्तीत तक्ता आटोपशीर करण्यात आला असून त्यात तो रकाना नाही. तो काढण्याचे कोणी ठरविले, असे आम्ही तिला विचारले. तिलाही ते सांगता आले नाही.